साक्षीची नळी

नळी निळीच राहणार याची मला इतकी खात्री होती, की मी तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हतो. माझं सगळं लक्ष शेजारच्या नळीवर होतं, खुशालरावांच्या. स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात उकळतं पाणी आणि पाण्यात दोन काचेच्या नळ्या उभ्या. दोन्हींत तेच निळं औषध आणि त्यात थेंब थेंब लघवी. साखर नसेल तर रंग निळा राहतो. असेल तर आधी हिरवा, मग पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल होतो. अमरावतीच्या इस्पितळात मागच्या बाजूला एक अडगळीची खोली होती. मोडक्या खाटा हलवून ती मला दिली होती आणि तिला सगळे मोठ्या आदरानं लॅब म्हणत. तिथे माझं संशोधन चालायचं. लठ्ठ माणसांच्या अंगातली साखर वजन उतरवलं तर जाते का, एवढाच साधा प्रश्न होता. पण लोकांना आपल्या लघवीत साखर आहे हे सांगितलं की ते हसत. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. रोग्याच्या नळीशेजारी मी स्वतःची नळी उकळायला ठेवी. त्याची लाल, माझी निळी. दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर धरल्या की त्याचं हसू थांबे. माझ्या नळीला मी साक्षीची नळी म्हणत असे आणि ओळखू यावी म्हणून तिच्या गळ्याला दोरा बांधत असे. मधले काही महिने गावोगाव हिंडण्यात गेले होते, तेव्हापासून दोऱ्याच्या नळीत आमच्या शिपायाची, मोतीरामची, लघवी असायची. त्या मंगळवारी तो रजेवर होता, म्हणून माझी. त्रेसष्ट सालचा फेब्रुवारी होता. खुशालरावांची नळी निळी राहिली. आनंदानं माझ्या तोंडून काहीतरी निघणार, तेवढ्यात मी दुसरी नळी वर उचलली. दोरा बांधलेली. ती लाल होती.

खुशालराव मोर्शीकडचे बागाईतदार. संत्र्याच्या बागा, काळी जमीन, घरी दूधदुभतं, आणि अंग असं की आमच्या इस्पितळाच्या काट्याला ते पेलेना. पहिल्यांदा त्यांना मी कापसाच्या बाजारात नेऊन तिथल्या मोठ्या काट्यावर बसवलं होतं. हमाल, अडते, सगळे गोळा झाले होते. "भाव तं पुकारा लेकहो," असं त्यांनीच वरून ओरडून सांगितलं आणि सगळा बाजार हसला. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडला. अमेरिकेत म्हणे अशा माणसांचं आतडं कापून आखूड करतात, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही, असं मी एका मासिकात वाचलेलं त्यांना सांगितलं होतं. आपण काही कापायचं नाही, तोंड आवरायचं, असंही म्हणालो होतो. त्यावर त्यांनी विचार करून उत्तर दिलं होतं, "कापनं बरं हाय बाप्पा. थे एकडाव दुखते. तुमचं हे रोजच दुखते." तरी त्यांनी केलं. हिवाळाभर केलं. जेवणात ज्वारीची अर्धी भाकर, आंबाडीची भाजी, तूप बंद, कणकेचे पानगे बंद, गूळ बंद. अंगरखा ढगळ झाला, चालताना लागणारा दम गेला, आणि त्या दिवशी नळीनं त्याची पावती दिली. माझ्या अख्ख्या संशोधनातली ती पहिली संपूर्ण निळी नळी होती.

पण खुशालरावांना दोरा ठाऊक नव्हता. त्यांनी दोन्ही नळ्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "अदलाबदली झाली, डागदर सायेब. निळी तुमची. लाल थे माही." हे ते इतक्या सहज बोलले, की क्षणभर मलाच ते पटलं. डॉक्टरची नळी लाल होते हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. दोऱ्याची गाठ मी बोटाखाली झाकली. त्यांचा चेहरा उतरत गेला. "मले मालूमच होतं. हिवाळाभर अर्धी भाकर खाल्ली मी. घरच्या बगीच्यातल्या गाड्या भरभरून संत्री गेली, एक फोड तोंडात नाई टाकली. आन् तरी लालच? मंग काहून मरून राह्यलो मी असा? खाऊनच मरतो ना." त्यांच्या बायको दुर्गाबाई दारात उभ्या होत्या. "असं नोका बोलू जी," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या, मी काही सांगेन म्हणून. बाकावर बसलेली माणसंही आत डोकावत होती. मी म्हणालो, "पुढच्या मंगळवारी पुन्हा पाहू." मग पातेल्यातलं पाणी ओतून दिलं, नळ्या धुतल्या आणि दोरा सोडवून खिशात टाकला. खुशालराव पायऱ्या उतरून गेले. जाताना त्यांनी नेहमीसारखा रामराम केला नाही.

त्या दिवशीच बोललो असतो तर काय झालं असतं? हा प्रश्न मी संध्याकाळपर्यंत स्वतःला विचारत राहिलो आणि स्वतःलाच निरनिराळी उत्तरं देत राहिलो. डॉक्टरालाच साखर, म्हटल्यावर बाकावरचा एकही माणूस माझं ऐकणार नाही. नोकरीचं काय होईल. बायको, सुभद्रा, बाळंतपणाला धामणगावला गेली आहे, तिच्या कानावर गेलं तर. ही सगळी उत्तरं खरी होती आणि एकही पुरं पडत नव्हतं. खरं उत्तर खोलीवर आल्यावर, घागरीतून चौथा की पाचवा गडू पाणी पिताना सापडलं. मला माझी निळी नळी आवडत होती. नुसती आवडत नव्हती, मी तिच्यावर जगत होतो. हिवरखेडच्या आमच्या वस्तीतल्या पोराला गावानं कधी स्वच्छ म्हटलं नाही. आमची सावली, आमचं पाणी, आमचा स्पर्श, सगळ्यांत काहीतरी होतं जे त्यांना लागत होतं. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बुद्धाला शरण गेलो, आई म्हणाली आता अंगावरचं सगळं उतरलं, आणि ते खरंच उतरलं. पण माझ्या आत कुठेतरी हिशेब चालूच होता. आणि त्या अडगळीच्या खोलीत रोज काय व्हायचं? मोठमोठे पाटील, सावकार, वकील माझ्यासमोर बसायचे. त्यांच्या अंगातून निघालेलं लाल व्हायचं आणि माझ्या अंगातून निघालेलं निळं, आकाशासारखं निर्मळ. ते माझ्या नळीकडे हेव्यानं पाहायचे. त्या पाहण्यावर मी जगत होतो. कुणाला सांगायची सोय नाही असं हे सुख होतं. ते गेलं याचं मला आजाराहून जास्त दुःख झालं होतं, हे कळलं तेव्हा मी त्या खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा नळी उकळली. लाल. आता लपवण्यात अर्थ नव्हता, निदान माझ्यापासून. महिनाभर लागलेली तहान मी मसालेदार खाण्यावर ढकलली होती, सारखं उठावं लागायचं ते थंडीवर, सैल झालेला पट्टा सुभद्रा घरी नसण्यावर. दुसऱ्या कुणी ही तीन लक्षणं सांगितली असती, तर मी त्याला बसू न देता तपासलं असतं. शिवाय मी सडपातळ. माझ्या प्रबंधात माझ्यासारख्याला जागाच नव्हती. लठ्ठ माणूस खाणं आवरतो, वजन उतरतं, साखर जाते, असा माझा सगळा डोलारा. काटकुळ्याच्या साखरेला ते लागू नाही. त्याला अर्धपोटी ठेवून चालत नाही, त्याला रोजची सुई लागते. आता माझी मीच सुई शोधायची होती. मी रजेचा अर्ज दिला आणि बडनेऱ्याला जाऊन अकोल्याची गाडी धरली. आई तिथे माझ्या बहिणीकडे, गोदाकडे राहत होती. आईला सांगायला चाललो होतो की आईकडे लपायला, हे गाडीत बसेपर्यंत ठरलं नव्हतं.

मूर्तिजापूर मागे पडलं तसा बाप आठवू लागला. मला बाप आठवतो तो पाणी पिताना. अंगणात उभा, मान वर, आणि लोटा तोंडाशी न लावता धार सरळ घशात. ती धार संपतच नसे. आमच्यासाठी विहीर नव्हती, आई लांबून नाल्यातून पाणी आणायची. बापाची तहान वाढली तशा तिच्या खेपा वाढल्या. ती चिडायची, म्हणायची, पोटात काय रान पेटलं का तुमच्या. तो हसायचा. बाप वाळत गेला. झोपडीच्या मागे तो जिथे लघवीला बसायचा तिथे काळ्या मुंग्यांच्या रांगा लागायच्या आणि आम्ही पोरं काडीनं त्या मोडायचो. बापाला काय झालं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, कारण कोणालाच माहीत नव्हतं. पुढे नागपूरला वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला प्राध्यापकांनी मुंग्यांचं सांगितलं, पूर्वीच्या वैद्यांना त्यावरून कळायचं म्हणाले, आणि मी वर्गातून उठून बाहेर गेलो. व्हरांड्यात उभा राहून खूप रडलो. माझं सगळं संशोधन त्या व्हरांड्यात सुरू झालं. आणि तरी इतकी वर्षं मला असं वाटत आलं, की बाप त्या बाजूला आणि मी या बाजूला. तो रोगी आणि मी डॉक्टर. खिडकीतून काळी, नांगरून ठेवलेली रानं मागे सरत होती. मी पाण्याची बाटली तोंडाशी नेली. लक्षात आलं, की मीही ती ओठांना न लावता पितो आहे, मान वर करून. बाप इतका जवळ कधी आला नव्हता. भीती वाटायला हवी होती, पण मला बरं वाटलं.

अकोल्याला पोचलो तेव्हा आई ओट्यावर तूर पाखडत बसली होती. केशरबाई तिचं नाव, पण वस्तीत तिला सगळे डागदरची माय म्हणतात. मला पाहून ती उठली नाही, सूपही थांबवलं नाही. "वाळला तू," म्हणाली. मी शेजारी बसलो आणि सांगून टाकलं. नळी, दोरा, लाल रंग, सगळं; आणि खुशालरावांचंही, कारण ते वगळून सांगता येईना. आईनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता ही रडेल, बापाचं नाव काढेल. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं झालं बाप्पा."

"बरं काय त्यात, आई?"

"तुह्या बापाले कोनी सांगनारं नोतं. त्याले वाटे भानामती केली कोनं. मरेलोक मले इचारत राह्यला, का झालं वं मले. तुले तं मालूम हाय. तुह्यं तुनंच सोधून काहाडलं." तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "सुई लागन तं लागन. सुईनं मरत नाई ना मानूस?"

"नाही. सुईनं जगतो."

"मंग?" एवढं बोलून तिनं सूप पुन्हा उचललं. दोनचारदा पाखडलं आणि थांबली. "त्या मानसाले सांगतलं का तुनं? त्या मोर्शीवाल्याले?"

"नाही अजून. मंगळवारी सांगीन."

"मंगयवारी?" आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा काडीनं मुंग्या मोडणारा पोरगा झालो. "आन् तवरोक थो काय खाऊन राह्यला अशीन?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला फार चांगलं ठाऊक होतं. उकळत्या तुपात बुडवलेले पानगे, गुळाचा खडा, आणि बागेत झाडाखाली बसून सोललेली संत्री. हिवाळाभर उपाशी राहिलेलं ते मोठं अंग आता सगळं वसूल करणार, आणि एकदा सुटलेला माणूस पुन्हा पथ्यावर येत नाही, हे मी शंभरदा पाहिलं होतं. मी माझ्या निळ्या नळीचं दुःख करत अकोल्याला आलो होतो, आणि तिकडे एक माणूस माझ्या तोंडातून न निघालेल्या एका वाक्यामुळे स्वतःला मारायला बसला होता. गोदानं केलेला चहा मी बिनसाखरेचा पिऊन सकाळच्या पहिल्या गाडीनं निघालो. आई फाटकापर्यंत आली. ती कधी येत नाही.

अमरावतीहून मोर्शीची एसटी. मग बैलगाडीच्या वाटेनं पायी. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. शास्त्रीय भाषेत सांगावं, हलकं करून सांगावं, आधी त्यांच्या निळ्याचं सांगावं आणि माझ्या लालचं जमलं तर. बागेत तोड चालू होती. बाया डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीनं जात होत्या, हवेत सालींचा तो तिखट वास होता. खुशालराव एका झाडाखाली बाजेवर बसले होते, आणि त्यांच्या पायाशी संत्र्यांच्या सालींचा ढीग होता. मला पाहून ते दचकले, मग त्यांनी सालींवरून हात फिरवत मोकळेपणानं म्हटलं, "पायता काय? खाल्ली. आज खाल्ली, काल बी खाल्ली. आता कापा मले, नाई तं सोडा." मी उभ्यानंच म्हणालो, "नळ्या बदलल्या नव्हत्या खुशालराव. माझ्या नळीला दोरा असतो. निळी तुमची होती."

 त्यांच्या हातातली अर्धी सोललेली फोड तशीच राहिली. "निळी माही?"

"तुमची."

"साखर गेली माही?"

"गेली होती. परवापर्यंत." मी सालींकडे पाहिलं. ते एकदम हसायला लागले, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तोडीच्या बायाही थांबून हसू लागल्या, कशाला ते न कळता. "दुर्गे, आयकलं का वं! माही निळी होती! हिवाळाभराची भाकर कामा आली!" ते घराकडे पाहून ओरडले. आणि मग, हसता हसता, त्यांना दुसरी गोष्ट उमगली. मी त्यांच्या चेहऱ्यावर ती येताना पाहिली. हसू गेलं. ते बाजेवरून उठले, ते अवजड शरीर सावकाश माझ्यासमोर येऊन उभं राहिलं, आणि फार खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मंजे लाल... तुमची?"

"माझी."

यापुढे ते काय म्हणतील याची मी वाटभर किती रूपं मनात रचली होती. एकही खरं निघालं नाही. त्यांनी माझा दंड धरला. म्हाताऱ्या माणसाला धरतात तसा धरला आणि मला घराकडे चालवू लागले. वाटेत एवढंच म्हणाले, "आन् मी निळी तुमची मनून चालता झालो. तुमी मले थांबवाचं होतं ना बाप्पा." त्यात राग नव्हता. मला राग चालला असता. मी मान खाली घालून त्यांच्या पावलानं चालत राहिलो, आणि माझ्या मनात एकच भावना होती. ती कृतज्ञतेशिवाय दुसरी काही नव्हती.

त्यांच्या घरी मी पूर्वी आलो होतो, तपासायला, पण ओसरीपर्यंतच. त्या दिवशी ते मला सरळ आत घेऊन गेले, चुलीसमोर पाट मांडले, एक त्यांचा आणि त्याला लागून एक माझा. दुर्गाबाईंना त्यांनी दोन शब्दांत सांगितलं, "डागदरले बी हाय. माह्यावानी." त्यांनी पदर सावरला, माझ्याकडे नीट पाहिलं, काही न बोलता परातीत पीठ घेतलं आणि भाकरी थापू लागल्या. हिवरखेडला सणाच्या दुसऱ्या दिवशी आई मोठ्या घरांच्या दाराशी उभी राहायची आणि वरून तिच्या पदरात भाकर पडायची, हात लागू नये इतक्या उंचावरून. ती पडतानाचा आवाज मला अजून येतो. दुर्गाबाईंनी माझ्या ताटात गरम भाकर ठेवली, चून म्हणतात ते पिठलं वाढलं, आंबाडीची भाजी वाढली. मला खरोखर भूक होती. दोन दिवसांत मी धड जेवलो नव्हतो. अर्धी भाकर संपवून मी उरलेल्या अर्धीला हात घातला, तेवढ्यात दुर्गाबाईंचा हात माझ्या ताटात आला. नवऱ्याच्या ताटात हिवाळाभर येत होता तोच हात, तसाच न विचारता. त्यांनी ती अर्धी भाकर उचलली.

"भाऊ," त्या म्हणाल्या. आजपर्यंत त्यांनी मला डागदरच म्हटलं होतं. "अर्धी मंजे अर्धी. या घरात आता कोनी पुरी भाकर खात नाई."

खुशालराव माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होते. आपल्या छळाला कुणी सोबती मिळाला याचा त्यांना उघड आनंद झाला होता. मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, की माझ्यासारख्या काटकुळ्याला हा नियम लागू नाही, मला ती भाकर हवी आहे, मला सुई लागेल आणि पोटभर अन्नही. शास्त्राप्रमाणे त्या चुकत होत्या आणि माझा अख्खा प्रबंध माझ्या बाजूनं होता. पण दुर्गाबाईंनी माझ्या ताटातली ती अर्धी भाकर घरच्या भाकरींच्या टोपलीत परत ठेवली होती, वरून फडकं झाकलं होतं, आणि थोड्या वेळानं त्या स्वतः तिथूनच जेवणार होत्या. मी म्हणालो, "बरं ताई," आणि उपाशीच हात धुतले.